चव्वेचाळीस पिशव्या

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. तरी कामरगावात भेटेल त्याने ते मला एकदा तरी ऐकवलेलं आहे. बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्यानेही ऐकवलं, तेही माझ्याच प्रबंधाच्या प्रती काढता काढता. "मॅडम, समुद्रकिनाऱ्याची पीएचडी, अन् कामरगावात?" मी म्हटलं, "मंग तुमी वाशीमले अर्ज करा, एक समुद्र मंजूर करून आना." त्याने उरलेल्या प्रती काढून माझ्या हातात ठेवल्या. माझा स्वभाव असाच आहे, आणि या गोष्टीत त्याचा कुणालाच उपयोग झालेला नाही.

काम काय होतं ते सांगते. किनारा रोज हलतो. लाट वाळू वर आणते, खाली नेते, कडेने सरकवते, आणि हे करताना ती वाळू निवडते. जाड कण एकीकडे पडतात, बारीक दुसरीकडे. मी हे सगळं संगणकात बसवलं होतं. एक लांब पट्टी, तिचे चौकोन, प्रत्येक चौकोनात जाड, मध्यम, बारीक वाळूचं प्रमाण, आणि कोणत्या लाटेला कोणत्या कणाने हलायचं याचं गणित. पाच वर्षं ते गणित माझ्याशी भांडत होतं. सहाव्या वर्षी त्याने एक गोष्ट सांगितली. किनारा खचायच्या दोनेक वर्षं आधी त्याच्यातली बारीक वाळू निघून जाते. वरून काही कळत नाही. उलट किनारा स्वच्छ दिसतो, पायाला गाळ लागत नाही, पाणी चटकन मुरतं, लोक खूश असतात. मग एका पावसाळ्यात उरलेलंही जातं. म्हणजे वाळू जाड व्हायला लागली की समजायचं. त्या वेळी कुणी सावध केलं तर दोन वर्षं हातात राहतात.

संगणकातला किनारा काहीही बोलेल. तो खरं बोलतो हे दाखवायला खरी वाळू लागते, आणि ती माझ्याकडे होती. कोकणातल्या एका किनाऱ्यावरून मी दोन वर्षं नमुने आणले होते. त्या गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांना आधीच पुष्कळ ताप झाला आहे. एकूण शहाण्णव पिशव्या. प्रत्येकीत अर्धा किलो धुऊन वाळवलेली वाळू आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर पिशवीचा नंबर, तारीख, जागा आणि खोली. दुसऱ्या वर्षानंतर तो किनारा गेला. आता तिथे काळ्या दगडांची भिंत आहे आणि भरतीचं पाणी माडांच्या बुंध्याला लागतं. पहिल्या वर्षीची ती वाळू जगात फक्त माझ्या पिशव्यांमध्ये उरली होती.

मग हॉस्टेल सोडावं लागलं, माझे मार्गदर्शक सर निवृत्त झाले, आणि प्रयोगशाळेतलं चाळण्या हलवायचं यंत्र बिघडलं ते बिघडलंच. विद्यापीठाने शेवटची मुदतवाढ दिली, एकतीस मार्चपर्यंत. त्यानंतर नाव कमी. मी पिशव्या, पितळी चाळण्या आणि एक जुना वजनकाटा जीपमध्ये टाकला आणि घरी आईकडे आले.

काम हाताने होण्यासारखं होतं. सहा चाळण्या एकीवर एक रचायच्या, जाड जाळीची वर, बारीक खाली, आणि तळाशी बंद डबा. वरून पसाभर वाळू टाकायची, हलवायची, मग प्रत्येक चाळणीवर अडकलेली वाळू वेगळी तोलून लिहायची. एका पिशवीला तास जायचा. फेब्रुवारी संपेस्तोवर बावन्न झाल्या. ढिगात ज्या वर होत्या त्या मी आधी घेतल्या होत्या, म्हणजे दुसऱ्या वर्षीच्या. पहिल्या वर्षीच्या चव्वेचाळीस, ज्यांच्यावर सगळं अवलंबून होतं, त्या शेवटी राहिल्या. हा माझा शहाणपणा.

आईचं नाव बेबीताई. तिने बावीस वर्षं अडाण नदीच्या पात्रात रेती चाळली आहे. सकाळी ट्रॅक्टरवर बसून जायची, तिरपी जाळी उभी करायची, फावड्याने रेती जाळीवर मारायची. जाड रेती स्लॅबला, बारीक छपाईला, म्हणजे भिंतीच्या गिलाव्याला. दोन्ही ढीग वेगळे आणि चोख लागायचे. बेबीताईच्या ढिगात गोटा सापडत नाही, असं ट्रॅक्टरवाले म्हणायचे. त्या रेतीवर मी शिकले. नंतर नदीतली रेतीच संपली, खाली खडक आणि काळा गाळ राहिला, आणि आई घरी बसली. बाबा त्याच्या आधीच गेले होते.

मी ओसरीत चाळायला बसले की आई खांबाला टेकून बघत राहायची. तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही.

"कायचं हलवून राह्यली तू? दही घुसळते का? मनगटातून फिरव."

"आई, मले येते."

"दिसून राह्यलं मले. आन् पसाभर घेऊन बाकीची काहून ठेवते पिशवीत? कामचोरावानी."

मी तिला दाखवलं. चाळण्या कशा रचायच्या, किती वेळ, जाळीत अडकलेला कण ब्रशने कसा काढायचा. तिने एकदा पाहिलं आणि दुसऱ्यांदा माझ्यापेक्षा नीट केलं. खाली बसली, चळत मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि फिरवत राहिली. मला बरं वाटलं, हे कबूल करते. एवढी वर्षं मी काय करते हे तिला सांगता येत नव्हतं आणि आता ते तिच्या मांडीवर होतं. रविवारी विहारात जाऊन तिने बायांना सांगितलं की पोरीचं पुस्तक होऊन राह्यलं अन् अर्धं काम मीच करून राह्यली. मी तिला कसं करायचं ते सगळं सांगितलं. कशासाठी करायचं ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही, आणि मला ते सोयीचंच वाटलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लॅपटॉप बंद पडला. दुरुस्तीसाठी अमरावतीला जावं लागलं. तिथे माझी मैत्रीण सुकेशनी राहते, तिच्याकडे दोन दिवस मुक्काम पडला. निघताना आईला म्हटलं, "पिशव्यांकडं लक्ष ठेव." बस, एवढंच म्हटलं.

परत आले तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. अंगणातल्या तारेवर चव्वेचाळीस पिशव्या धुऊन, उलट्या करून, चिमटे लावून वाळत घातल्या होत्या. मी पायरीवरच थांबले. ओसरीत सात जुन्या चादरी अंथरल्या होत्या आणि प्रत्येक चादरीवर एक ढीग होता. पहिला जाड, मुगाएवढ्या कणांचा, त्यात शिंपल्यांचे तुकडे. मग त्याहून बारीक, त्याहून बारीक, आणि शेवटचा सातवा पिठासारखा. एका ढिगातला एक कण दुसऱ्यात नव्हता. असं काम कुठल्याही प्रयोगशाळेत होत नाही, हे मी शपथेवर सांगते.

"झालं सगळं," आई म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. "दोन दिवस उठली नाई मी. तुले एका पिशवीले तास लागते. मी पुरी चाळली, पसाभर नाई."

मी चिठ्ठ्या विचारल्या. तिने फडताळातून काढून दिल्या. नीट एकावर एक, रबर लावून.

"तुह्ये कागद हायेत म्हनून जपून ठेवले. भिजू नाई देल्ले."

मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. काही आठवतं आणि काही आठवू नये असं वाटतं. कुठली वाळू कुठल्या जागेची, हेच तर सगळं काम होतं, हे मी तिला ओरडून सांगितलं. समुद्राने जे वर्षभर लावून मांडलं होतं ते तू दोन दिवसांत मोडलंस, म्हटलं. "तुले कोनं सांगतलं होतं हात लावाले? सात वर्षं मातीत घातली माही." मग त्याहून वाईट बोलले. तुला रेतीशिवाय काय कळतं, असं काहीतरी. आईने एकदाही मला अडवलं नाही. ती पहिल्या ढिगाकडे बघत होती आणि तिला काहीच उलगडत नव्हतं, हे दिसत होतं.

"पन रेती तं चाळूनच द्या लागते ना व," ती हळूच म्हणाली. "बिनचाळलेली कोनी घेते का?"

तिच्या हिशेबाने रेतीला जात असते, गाव नसतं. जाड ती जाड, मग ती कोणत्या वळणावरची का असेना. बावीस वर्षं तिने हेच केलं आणि त्यात ती कधी चुकली नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे बघा नीलिमा, बावन्न नमुने आहेत ना? उरलेल्यांचे आकडे मॉडेलवरून काढा. तुमचं मॉडेल चांगलं आहे."

"सर, ते आकडे मॉडेल खरं आहे का हे तपासायला हवे होते."

"मला माहीत आहे. पण शहाण्णव पिशव्या मोजायला कोण येणार आहे तुमच्या गावात?"

मी फोन ठेवला. राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण ते बोलत होते ते करता येण्यासारखं होतं. मॉडेल चालवायला वीस मिनिटं लागली असती. त्याने दिलेले आकडे त्याच्याशी जुळलेच असते.

मी त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस खोलीतून फारशी बाहेर आले नाही. आई जेवायला हाक मारायची, ताट उंबऱ्यावर ठेवायची. बाहेरून वाळूचा आवाज यायचा, तो मी मुद्दाम ऐकत नव्हते. चौथ्या दिवशी सकाळी बाहेर आले तर चादरी रिकाम्या होत्या. चव्वेचाळीस पिशव्या भरून, गाठी मारून भिंतीशी ओळीने उभ्या होत्या, आणि प्रत्येकीत आपापली चिठ्ठी होती.

आईने चिठ्ठ्यांची गड्डी ज्या क्रमाने लागली होती त्याच क्रमाने उलगडली होती. शेवटी काढलेली वर, पहिली खाली. प्रत्येक पिशवी आठवून तिने सातही ढिगांतून वाळू परत टाकली होती, कशातून ओंजळ, कशातून चिमूट.

"हातात राह्यते ना," ती म्हणाली. "कोन्ती जड लागली, कोन्ती सरसर गेली, कोन्तीनं जाळी धरली. पाह्य बरं तू."

मी तपासलं. न तपासून कशी राहीन? सतरा नंबरच्या पिशवीतला अर्धा भाग दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतल्या यंत्रावर चाचणीसाठी चाळला होता. त्याचे आकडे वहीत होते. आईने भरलेल्या सतरा नंबरातून पसाभर घेतली, चाळली, तोलली. सातही आकडे वहीतल्या आकड्यांच्या शेजारी लिहिले. सर्वांत मोठा फरक शंभरात दोनचा होता. यंत्र स्वतःशीसुद्धा एवढं जुळत नाही.

मी ओसरीत बसून रडले. खरं तर हसले आधी. आई घाबरून पाणी घेऊन आली.

त्या दिवशी दुपारपर्यंत मी सगळं ठरवून टाकलं होतं. चव्वेचाळीसही चाळायच्या, आकडे लिहायचे. प्रबंधात एकच वाक्य जायचं की नमुने कोरड्या चाळणीने तपासले, आणि ते खोटंही नव्हतं. एकतीसला बारा दिवस होते. मी चाळण्या मांडल्या, पहिली पिशवी सोडली, आणि हात थांबला. एक पिशवी जुळली होती. उरलेल्या त्रेचाळीस जुळतात का, हे पाहायला माझ्याकडे काही नव्हतं. फक्त आई होती.

"आई, खरं सांग. सगळ्या आठवते तुले? का अंदाजानं भरल्या?"

ती लसूण सोलत होती. सोलत राहिली.

"पह्यल्या धा-बारा आठवल्या चांगल्या," ती म्हणाली. "मंग मंधातल्या काही काही."

"आन् बाकीच्या?"

"बाकीच्या तुह्या तोंडाकडं पाहून भरल्या बाई. दार लावून बसली होती तू."

"सतरा नंबर आठवली होती का?"

"सतरा कोन्ती?" तिने विचारलं.

मी चाळण्या पुसल्या आणि डब्यात ठेवल्या. माझ्या तत्त्वांचा मोठा डंका पिटण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिने खोटं सांगितलं असतं तर मी ते घेतलं असतं, हे मला ठाऊक आहे. तिने सांगितलं नाही. मग मला लिहिता येईना.

एकतीस मार्च मंगळवारी आला आणि गेला. सरांना दोन ओळींचा मेल केला, त्यांचं उत्तर आलं नाही. विद्यापीठाचं पत्र एप्रिलमध्ये आलं. त्यात माझ्या नावाचं स्पेलिंग बरोबर होतं, सात वर्षांत पहिल्यांदा. वाशीमच्या एका खाजगी कॉलेजात भूगोलाच्या तासिका मिळतील असं कुणीतरी सांगितलंय. बघू.

वाळूचं काय करायचं हा प्रश्न उरला. पन्नासेक किलो भरली सगळी मिळून. शेजारी भागवत मिस्त्री न्हाणीघराची छपाई करत होते. आई त्यांना म्हणाली, चोख रेती हाये, घेऊन जा. ते आले, बोटांत धरून पाहिली, जिभेवर एक कण ठेवला आणि थुंकले.

"समुद्राची हाये हे, बेबीताई. शिंपले हायेत याच्यात. भितीले नाई धरत, चार महिन्यांत पोपडे सुटते." जाताना वाईट वाटून म्हणाले, "दिसाले मातर लय देखनी हाये."

ते गेल्यावर आई पिशव्यांपाशी बसली. गाठी सोडून एकेक पिशवी पोत्यात रिकामी करायला लागली. मीही बसले. ऊन ओसरीत आलं होतं. महिनाभरात आम्ही इतका वेळ शेजारी बसलो नव्हतो.

"कायचं होतं व थे पुस्तक?" तिने विचारलं. "काय सांगनार होती तू त्याच्यात?"

सात वर्षांत हा प्रश्न तिने पहिल्यांदा विचारला होता. मला मराठीत, आणि तेही तिच्या मराठीत, ते सांगायची सवय नव्हती. सांगितलं कसंबसं. म्हटलं, किनारा जायच्या आधी त्याची बारीक रेती जाते. मग नुसती जाड राहते. लोकांना वाटते, काय सुंदर झाला किनारा. मग दोन सालांनी जाडही जाते. हे आधी ओळखता येते, एवढंच सांगायचं होतं.

आई पोत्याचं तोंड धरून थांबली.

"आन् याच्यासाठी एवढं?"

"हो."

"हे तं मले मालूम होतं. अडाणमधी असंच झालं ना. पह्यले बारीक सरली. छपाईवाले वापस जात. जाड मातर अशी की हात लावावा. ठेकेदार खूश. मी म्हनलं, आता नदी दोन सालाची पाहुनी हाये. दोनच साल निंगाली."

माझ्या आधी पंधरा वर्षं, जाळी आणि फावडं घेऊन, तिने ते पाहिलं होतं. पुरावा तिच्याकडेही नव्हता. पात्रात आता खडक आहे.

"मंग तू कोनाले सांगतलं काहून नाई?" मी विचारलं. आवाज चढला होता, तो मी खाली आणला.

"सांगतलं ना," ती म्हणाली आणि पुढच्या पिशवीची गाठ सोडायला लागली. "तुले सांगतलं होतं. बारावीले होती तू. तू म्हने, आई, मले अभ्यास करू दे."